तांबडा दिवा आणि उलटी बॅटरी

कौसल्यानं गोणपाट सोडलं आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला. जळकट वास खोलीभर पसरला.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ खासगी तपासनीस बद्रीनाथ यांची ही एवढीशी कचेरी होती. शेजारच्या खुर्चीत त्यांचे सोबती, पोलिसांतून निवृत्त झालेले हवालदार अप्पाराव बसले होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हा मी जाळला म्हणून पंचायतीनं ठराव केला, साहेब," कौसल्या म्हणाली. "माझं दुकान बंद केलं. पाटीवर डांबर फासलं. सगळ्या केदारखेड्याचे रेडिओ मी दुरुस्त केले. आन् आता म्हणतात, बाईच्या हातात बॅटरी दिल्यावर दुसरं काय होणार!"

१९९६चा एप्रिल होता. गावात वीज टिकत नव्हती, म्हणून लाउडस्पीकरचा हा सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल असा करून द्यायचं काम पंचायतीनं तिला दिलं होतं. तिनं जालन्याच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं काढली होती. तेरा तारखेला दुपारी तिनं पंचायतीत दुकानातल्या सुट्या बॅटरीवर सेट वाजवून दाखवला आणि पंचायतीचा शिपाई वसंता याच्या ताब्यात दिला. चौदा तारखेला सकाळी जयंतीच्या मिरवणुकीसाठी बटण दाबलं, तर सेट मुका. तिच्या स्वतःच्या वस्तीतल्या लोकांनीही त्या दिवशी तिच्याकडे पाठ फिरवली.

"वसंता म्हणतो, मी त्याच्यासमोर बॅटरी उलटी लावली. तो सरपंचांचा पुतण्या. मंग माझं कोण ऐकतं?"

पोरीच्या हातून चूक झाली असेल आणि आता कबूल करवत नसेल, असं अप्पारावांना वाटलं.

बद्रीनाथांनी झाकण काढलं. "हा काळा, पट्टीवाला तुकडा काय?"

"डायोड. करंट एकाच बाजूनं जाऊ देतो. विहिरीतला फुटव्हॉल पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत न्हाई, बराबर तसा. वायरी उलट्या लागल्या तर सेट चालू होत न्हाई, पण जळतबी न्हाई."

"आणि हा जळून कोळसा झालेला?"

"झेनर डायोड. ट्रॅक्टर जोरात रेस केला आन् दाब वाढला, तर जास्तीचा करंट सोडून देतो. तलावाच्या सांडव्यावाणी."

"समोरचा तांबडा दिवा?"

"एलईडी. तोबी डायोडच, फक्त उजेड देणारा."

काळ्या डायोडच्या दोन्ही पायांना तांब्याच्या तारेचा एक तुकडा पीळ देऊन जोडला होता. बद्रीनाथांनी त्यावर बोट ठेवलं. "हे तुमचं काम?"

कौसल्या वाकून बघतच राहिली. "माझा सगळा जोड सोल्डरचा असतो. हे मी केलेलं न्हाई, साहेब!"

दुसऱ्या दिवशी दोघं केदारखेड्याला गेले. वसंता पंचायतीच्या ओट्यावर भेटला. तिशीचा, बोलका माणूस.

"माझ्या डोळ्यांदेखत तिनं बॅटरी उलटी लावली," तो म्हणाला. "तांबडा दिवा भक्कन लागला. चांगला दोन मिनिटं लागून राह्यल्ता. मंग धूर निघाला. मला म्हनली, कोनाला सांगू नको."

"दिवा नक्की लागला?"

"लागला म्हंजे! बिलकुल पुढंच उभा होतो मी."

"मग एवढं लिहून द्या."

वसंतानं लिहून सही केली. इतकी सरळ साक्ष अप्पारावांनी नोकरीत फारशी पाहिली नव्हती.

वसंताच्या शेजारी चतुराबाई राहत. त्या दारात गहू निवडत होत्या. तेरा तारखेचं विचारताच म्हणाल्या, "त्या सांजच्याला वसंताच्या बहिणीची हळद होती की. भोंग्याची पेटी आणली, चादरीखाली झाकून. वसंता ट्रॅक्टरपाशी लई येळ खटपट करून राह्यल्ता, पण आवाजच निघाला न्हाई. मंग आम्ही बायांनीच गळ्यावर गाणी म्हणली."

ट्रॅक्टर वसंताच्या अंगणातच होता. बद्रीनाथ म्हणाले, "अप्पाराव, बॅटरीच्या वायरींचे रंग सांगा."

"दोन्ही काळ्या. आणि टोकांवर पांढरा खार इतका, की अधिक-उणेच्या खुणाही दिसत नाहीत."

"मग लावणाऱ्याला उलटसुलट कसं कळलं असेल?" बद्रीनाथ एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीसमोर गाव जमलं. सरपंच मच्छिंद्रराव खुर्चीत बसले होते. कौसल्या एका बाजूला उभी होती. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

बद्रीनाथांनी वसंताची साक्ष मोठ्यानं वाचली. मग बॅटरीचे दोन सेल आणि एक तांबडा एलईडी काढला. वायरी टेकवताच दिवा लागला. त्यांनी सेल फिरवले. दिवा विझला.

"अप्पाराव, तुम्ही लावून बघा."

अप्पारावांनी तीनदा उलटसुलट करून पाहिलं. उलटे सेल लावले की दिवा काही लागेना. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ही साक्ष आपण खरी मानली होती!

"एलईडी हासुद्धा डायोडच," बद्रीनाथ म्हणाले. "बॅटरी उलटी असेल तर तो लागत नाही. दिवा लागला असेल तर बॅटरी सुलटी होती. वसंतानं दोन्ही लिहून दिलंय. म्हणजे त्यानं जे पाहिलं म्हणून सांगितलं, ते घडलेलंच नाही."

वसंता उठला. "मंग ट्रॅक्टर रेस केल्यानं जळला आसंल!"

"ट्रॅक्टर? दुपारी पंचायतीत ट्रॅक्टर कुठला?" बद्रीनाथांचा आवाज चढला. "ट्रॅक्टर होता तो संध्याकाळी तुमच्या अंगणात. सेट तुमच्याच ताब्यात होता. हळदीला तुम्ही तो नेलात. दोन्ही वायरी काळ्या, त्या उलट्या लागल्या. कौसल्याताईंच्या डायोडनं करंट अडवला, सेट वाचवला. तुम्हाला वाटलं, हा तुकडाच खराब आहे. म्हणून त्याच्यावरून तार पिळून करंटाला वाट करून दिलीत. उलटा करंट आत शिरला. आधी झेनर जळाला, मग सगळा सेट."

कौसल्याच्या तोंडून शब्द निघाला तो थेट वसंतासाठी. "मला विचारायचं व्हतं. वायरी बदलून दिल्या असत्या मी, एका मिनिटात."

वसंताची मान खाली गेली. "काका चिडतील म्हनून... तुहं नाव घेतलं. वाटलं, लोकांना लगेच खरं वाटंल."

ते खरंच लगेच खरं वाटलं होतं. जमलेल्यांपैकी कुणाला वर बघवेना. अप्पारावांना वसंताचं हे वाक्य त्या जळक्या वासापेक्षा झोंबलं.

सरपंच खाकरले. "झालं ते झालं. चूक मान्साकडूनच व्हती. ठराव आम्ही कागदावर रद्द करतो. आता जास्त ताणू नका."

"ठराव ह्याच ओट्यावरून वाचला व्हता," कौसल्या म्हणाली. ती एक पाऊल पुढं आली. "रद्दबी इथूनच वाचा. कोणी जाळला आन् कोणी खोटं सांगितलं, नाव घेऊन वाचा. आन् पाटीवरचं डांबर ज्यानं फासलं त्यानंच पुसायचं."

सरपंचांनी गावाकडे पाहिलं. तिच्या वस्तीतली चार माणसं उठून तिच्याजवळ येऊन उभी राहिली. अप्पारावांनी स्वतःची खुर्ची उचलून तिच्यापुढे ठेवली.

सरपंचांनी कागद मागवला, स्वतः लिहिला आणि पुटपुटत वाचायला लागले.

"ऐकू येत न्हाई!" मागून चतुराबाई ओरडल्या.

मच्छिंद्ररावांनी घसा साफ केला आणि पुतण्याचं नाव घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा, मोठ्यानं वाचलं.