आत कोणी आहे?

प्रेमलाचा आवाज मोठा होता, आणि तो थेट वडिलांकडून आला होता. डोक्यावर कांद्याचं पोतं घेतलेले धनाजी माथाडी "बाजूला व्हा" म्हणाले की एपीएमसीची अर्धी गल्ली रिकामी व्हायची. लेकीने फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, तरी वाशीच्या हॉस्पिटलात तिच्या कामी आला तो हाच आवाज. कॅन्सरच्या पेशंटना किरण देणाऱ्या कोबाल्ट मशीनच्या खोलीचा जाडजूड दरवाजा लावण्याआधी नियमच होता. सगळे कोपरे बघायचे, ओरडून विचारायचं, "आत कोणी आहे?" आणि उत्तरासाठी थांबायचं. किरण सुरू असताना आत माणूस राहिला तर त्याची धडगत नव्हती.

"काय मॅडम, कांद्याचा लिलाव हाय काय?" मशीन चालवणारा, करावे गावचा हिरामण रोज चिडवायचा. तीही हसायची. शहाण्णव सालचा मे महिना होता, वर्षभराचं ट्रेनिंग संपत आलं होतं आणि सोमवारी मुंबईहून परीक्षक येणार होते. पास झाली तर सर्टिफिकेट आणि इथेच फिजिसिस्टची जागा. नाही तर आणखी एक वर्ष. धनाजींनी मात्र लेक पास झाली म्हणून अख्ख्या मार्केटला आधीच सांगून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी मोजणी जुळेना. पाण्याच्या टाकीत किरण मोजायची नळी बुडवून ती आकडा घेत होती, आणि तो येत होता दोन टक्के कमी. तीनदा केलं, तीनदा तेच. रडकुंडीला येऊन तिने चौथ्यांदा दरवाजातून विचारलं, "आत कोणी आहे?"

"आहे गं. थांब जरा."

आवाज बाईचा होता, वयस्कर आणि अगदी मजेतला. प्रेमला आत धावली. कोणी नव्हतं. पण तिने भिंतीवर टांगलेला थर्मामीटर आता टाकीच्या पाण्यात उभा होता आणि एकतीस दाखवत होता. खोलीत एसी, चोवीस. प्रेमलाने कपाळावर हात मारला. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी नळाने भरलं होतं, आणि हिशोबात धरलं होतं खोलीचं तापमान! एकतीस धरल्यावर आकडा चोख बसला. तिने आनंदाने टाळीच वाजवली.

"हिरामणदादा, थर्मामीटर पाण्यात तुम्ही ठेवलात?"

"मी? मी तर कँटीनला होतो. वडा खात."

याचा विचार सोमवारनंतर, असं तिने ठरवून टाकलं.

सोमवारी अकरा वाजता परीक्षक तिच्यासोबत दरवाजाबाहेर उभे राहिले. सगळं झकास चाललं होतं. तिने खोली नीट पाहिली, बाहेर आली आणि विचारलं.

"आहे गं."

परीक्षक घड्याळ बघत होते. हिरामण नखं बघत होता. खोली रिकामी आहे हे तिने स्वतः पाहिलं होतं. दरवाजा ओढला की पाच मिनिटांत पास. परत आत गेली तर स्वतःच्याच डोळ्यांवर भरवसा नाही, असं परीक्षकांना वाटणार.

पण उत्तर आलं होतं.

मशीनची किल्ली तिने काढून खिशात टाकली आणि एकटी आत गेली.

"बाहेर या ना," ती हळूच म्हणाली. "माझी परीक्षा आहे."

ती वळली. मागे न बघता बाहेर आली. पुन्हा विचारलं.

शांत.

ती थांबली. शांतच. मग दरवाजा लावला. आकडा पहिल्याच फटक्यात बरोबर आला.

"परत आत का गेलात?" परीक्षकांनी विचारलं.

"उत्तर आलं असं वाटलं, सर."

त्यांनी हसून सही केली. "विचारतात सगळे. उत्तरासाठी थांबत कोणी नाही."

धनाजी दोन किलो पेढे घेऊनच आले होते. त्यांच्या आवाजाने ओपीडीतले पेशंटसुद्धा हसायला लागले. प्रेमलाचा आनंद गगनात मावत नव्हता.

निघताना परीक्षकांनी दुसरा पेढा उचलला. "त्या बाईंना दिलात का? तुमच्या मागोमाग बाहेर आल्या त्या."

मंगळवारी सकाळी फिजिसिस्ट प्रेमला दरवाजाशी उभी राहिली. "आत कोणी आहे?"

आत शांत.

"आता नाही गं," तिच्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं. "लाव दार."