दहा सेकंद गेले कुठे?

“पाच, सहा, सात, आठ... वर!”

चिमणी वर गेली आणि तशीच खाली आली! तिला खालून उचलणाऱ्या दगड आणि वीट या जोडगोळीने कसेबसे हात पुढे केले म्हणून ती जमिनीऐवजी विटेच्या खांद्यावर आदळली. कोपर सोलपटलं. ती रडली नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

“आता मी नाही चढणार,” ती म्हणाली.

तीन दिवसांत ती पाचव्यांदा पडली होती. आणि सुट्टीतल्या चीअरलीडिंग शिबिराची अंतिम स्पर्धा आजच, चार वाजता होती!

मनोरा चौघांचा होता, आणि चौघांनाही टोपणनावं होती. दगड आणि वीट खालून चिमणीचे तळवे उचलायचे. टिकटिक मागे उभी राहून तिचे घोटे धरायची आणि मोठ्याने आकडे मोजायची. तिने ‘आठ’ म्हटल्याशिवाय कोणी हलायचं नाही. तिची मोजणी कधी चुकत नसे, म्हणून तर तिचं नाव टिकटिक पडलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात तीन आठवडे सराव झाला, मनोरा एकदाही कोसळला नाही. या मोठ्या क्रीडागृहात आल्यापासून मात्र त्याला कोणाची दृष्ट लागली कोण जाणे!

“गाणं पुढे, तू मागे!” कोचमॅडम कडाडल्या. “एकजण गाण्यावर उचलतो, दुसरी तुझ्या आकड्यावर. हातपाय मोडतील कोणाचे तरी! टिकटिक, तू बाहेर बस. मनोरा रद्द.”

“मॅडम, मी बरोबर मोजतेय. मला वाटतं, गाणंच...”

“नाचता येईना, अंगण वाकडं!”

टिकटिक बाकावर जाऊन बसली. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तिच्या मांडीवर आल्या. चिमणीच्या कोपराकडे तिला बघवत नव्हतं. खरंच आपल्यामुळे पडली का ती? चार वाजता आई-बाबा येणार होते, आणि त्यांना लेक दिसणार होती ती बाटल्या सांभाळताना!

गाणं पुन्हा सुरू झालं. सवयीने ती मनातल्या मनात मोजू लागली. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. सेकंदाला दोन आकडे, हा तिचा ठरलेला वेग. काटा आणि ती अगदी बरोबर चालले होते. पण गाणं संपलं तेव्हा तिचे वीस आकडे उरलेच होते! काट्याने दोन मिनिटं अठरा सेकंद दाखवले. गाणं तर दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांचं होतं!

सरावाची मधली सुट्टी होताच तिने तिघांना जिन्याखाली ओढलं.

“आपले दहा सेकंद चोरीला गेलेत!”

“सेकंद कोण चोरणार?” वीट म्हणाली. “भिंतीवरचं घड्याळच मंद असेल, आपल्या दगडासारखं.”

“दगडापेक्षा वीट मऊ, ती डोक्यानंसुद्धा!” दगडाने आपलं मनगट पुढे केलं. दोन्ही घड्याळं सेकंदाला सेकंद जुळत होती.

“म्हणजे तू चुकत नव्हतीस?” चिमणीने हळूच विचारलं.

“आईशप्पथ नाही गं!”

चौघं माइकवाल्या काकांच्या टेबलाकडे धावले. काका गाणी वाजवायच्या यंत्राला पाठ लावून बसले होते.

“लांब व्हा! हात लावायचा नाही. वीस वर्षं सांभाळतोय याला!”

पण चिमणीला काकांच्या बगलेखालून दिसायचं ते दिसलं. सगळी बटणं मोकळी होती आणि एकावरच चिकटपट्टी होती.

“काका, ही पट्टी कसली?”

“तुम्हाला नसत्या चौकशा कशाला? पळा!”

मॅडम ऐकणार नव्हत्या. काका जवळ येऊ देणार नव्हते. वेळ तर वाळूसारखा हातातून निसटत होता! टिकटिकने डोकं गच्च धरलं, आणि मग एकदम मान वर केली. “मॅडमच्या पेन ड्राइव्हमध्ये प्लँकची मोजणी आहे ना? त्यांच्याच आवाजात!”

कोपरांवर आणि चवड्यांवर अंग तोलून एक मिनिट राहायचं, हा प्लँक म्हणजे शिबिरातली सगळ्यात नावडती शिक्षा होती.

“मॅडम, एकदा प्लँक करूया का?” दगडाने विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. प्लँकचं नाव काढलं की या मुलाचं पोट दुखायचं! “ऊन लागलंय का रे तुला? बरं, लावा हो काका.”

मॅडमचा आवाज क्रीडागृहात घुमू लागला. एक, दोन, तीन... पोटं थरथरली, पण कोणी खाली टेकलं नाही. “साठ!”

“मॅडम, घड्याळ बघा!” चौघं एका सुरात ओरडले. छप्पन्न सेकंद झाले होते!

“पुन्हा लावा,” मॅडम म्हणाल्या. पुन्हा छप्पन्नच! स्वतःच्याच मिनिटाला खोटं कसं म्हणणार? त्या तरातरा गेल्या आणि त्यांनी पट्टी ओढून काढली. बटणाखाली लिहिलं होतं, ‘वेग’.

काकांचा चेहरा पडला. “ते... सकाळी मोठ्यांचा व्यायामवर्ग असतो. गाणी जरा पळवली की वर्ग लवकर सुटतो, आणि मला चहाला जाता येतं. बटण मागे सरकायचं, म्हणून पट्टी लावली. काढायची राहूनच गेली हो!”

मॅडम टिकटिकच्या शेजारी बाकावर बसल्या. “चुकले मी. यंत्राचं ऐकलं, तुझं नाही ऐकलं.”

इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू टिकटिकला तेव्हा फुटलं. मग सगळे चिमणीकडे बघू लागले. तिने सोलपटलेलं कोपर चाचपलं.

“टिकटिक मोजणार असेल तर चढते,” ती म्हणाली.

चार वाजता दिवे लागले. टिकटिकने चिमणीचे घोटे घट्ट धरले.

“पाच, सहा, सात, आठ... वर!”

चिमणी वर गेली, आणि वरच राहिली! दोन्ही हात पसरून ती हसली तेव्हा आई-बाबाच काय, सगळं क्रीडागृह उभं राहिलं.

पहिला नंबर हुकला, दुसरा आला. पण मुख्य पंच माइकवर म्हणाल्या, “सकाळी सगळेच संघ अडखळत होते. या मुलांनी सगळ्यांनाच पडण्यापासून वाचवलं!”

“आणि चुकणाऱ्यांना शिक्षा?” विटेने मॅडमकडे बघत विचारलं.

मॅडम निमूटपणे प्लँकला उतरल्या. त्यांच्या शेजारी काकाही, पोट सावरत! टिकटिक मोजू लागली. तिसालाच काकांना घाम फुटला.

“अगं, मोज ना लवकर!”

“नाही हं काका,” टिकटिक म्हणाली. “माझं मिनिट पूर्ण साठ सेकंदांचं असतं! एकतीस... बत्तीस...”