धानोऱ्याच्या शिक्क्याचं तिकीट

मंजुषाबाईंचं पत्र गुणवंतरावांनी तीन वर्षं जपून ठेवलं होतं. उत्तर तेवढं दिलं नव्हतं. राजुऱ्याच्या वाचनालयात, जिथे ते ग्रंथपाल होते, त्यांनी एकदा एका जुन्या उर्दू शायरावर भाषण केलं होतं. आयुष्यभर पत्रांची वाट पाहणारा तो माणूस, आणि मेल्यावर टपाल खात्याने त्यालाच तिकिटावर बसवलं! धानोऱ्याच्या शिक्षिका मंजुषाबाई पहिल्या रांगेत होत्या. आठवड्याने त्यांचं पत्र आलं, शायराचंच तिकीट लावून : ‘मीही एकटीच आहे. बदलीच्या फॉर्मात राजुरा लिहू का? तुम्ही म्हणाल तर लिहीन.’

गुणवंतराव तिकिटं जमवायचे. शायराचं कोरं तिकीट त्यांच्याकडे होतं, शिक्का पडलेलं मात्र नव्हतं. पत्र वाचून होताच त्यांनी पाकीट पाण्यात घातलं... तिकीट सुटलं, आणि मागचा मंजुषाबाईंचा पत्ता शाईसकट वाहून गेला.

आज पोस्टाच्या खिडकीपाशी ओळखीचा आवाज आला.

“शायराचं तिकीट आहे का?”

प्रशिक्षणाला राजुऱ्यात आलेल्या मंजुषाबाई. खिडकीतून उत्तर आलं, “संपलं, मॅडम.”

त्या वळल्या, गुणवंतराव दिसले. “पाहा, खिडकीनंही उत्तर देलं. तुमी काऊन नाई देलं?”

“पत्ता... धुतला गेला, बाई. तिकीट काढताना.”

“माह्या पत्राले आंघोळ घातली?” त्या हसल्या, पण क्षणभरच. “नुसतं मंजुषा मॅडम, धानोरा लिहिलं असतं, तरी पोस्टमननं घरी आणून देलं असतं.”

“मले माहीत होतं.” ते खाली पाहत म्हणाले. “वाटलं, तुमाले शायर आवडला असंन... मी नाई.”

“शायर मेला, गुणवंतराव. मी जित्या माणसाले लिहिलं होतं.” पदराने चष्मा पुसत त्या थांबल्या. “दरवर्षी बदलीच्या गावाचा रकाना कोरा सोडते. शुक्रवारी फॉर्म बंद होते.”

“मग मी आत्ताच सांगतो—”

“तोंडी नाई घेत मी. तीन वर्षं वाट पाह्यली, लेखी पाहिजे.”

मंजुषाबाईंनी पत्ता लिहून दिला, या वेळी बॉलपेनने.

घरी गुणवंतरावांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं : ‘राजुराच लिहा. मी वाट पाहतो.’ मग अल्बम उघडला. त्या कोऱ्या तिकिटाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, चिमट्यानेच उचलायचे. आज ते जिभेने ओलं केलं, पाकिटावर अंगठ्याने दाबलं. मागे स्वतःचा पत्ता लिहिला आणि खाली बारीक अक्षरात : ‘पाकीट भिजवू नये.’

लाल पेटीपाशी हात जरासा अडला... मग पाकीट आत पडलं.