पिकायला गेलेला माणूस

शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळी नदीकाठच्या बाजारात ओई आंबे निवडत होती, तेवढ्यात भिक्षेला निघालेल्या भिक्खूंची रांग समोरून आली. पिशवी खाली ठेवून, चपला काढून ती रीतीप्रमाणे उकिडवी बसली. हात जोडलेले, नजर खाली. अशा वेळी दिसतात ती फक्त पावलं. पहिली थोरल्या भन्तेंची, भेगाळलेली. मग दोन कोवळी, पोरसवदा. आणि मग... उजव्या अंगठ्याचं ते नख. काळपट, एका बाजूने दुमडलेलं.

ते नख ओईने हजारांत ओळखलं असतं. गेल्या वर्षी त्यावर पट्टी तिनेच बांधली होती.

पावलं थांबली नाहीत. तिने मान वर केली तेव्हा चीवराचा भगवा पाठमोरा रंग वळणाआड जात होता. पंधरा दिवसांसाठी गेलेला माणूस महिना उलटला तरी चीवरातच होता, आणि आज तर शाळा सुरू होत होती. आंबेवाली तिला 'क्रू', म्हणजे बाई, अशी हाक मारून म्हणाली, हे अजून कच्चे आहेत, तांदळात पुरून ठेवा. ओईने ते घेतले.

ओई दहावी-अकरावीला इंग्रजी शिकवायची. मेक संगीत शिकवायचा आणि रोज सकाळी झेंड्यासमोर मुलांच्या बँडकडून राष्ट्रगीत वाजवून घ्यायचा, तेही हात न हलवता, नुसत्या भुवयांनी. डावी वर गेली की कर्णे, उजवी गेली की ढोल. एका शुक्रवारी ओई जांभळं हातमागाचं वस्त्र नेसून मैदानातून गेली. दोन्ही भुवया एकदम वर गेल्या, बँडचा पुरता गोंधळ उडाला आणि त्याच्या हातातला मोठा ढोल त्याच्याच पायावर पडला. तिने पट्टी बांधली, तेव्हा हा गडी तास संपल्यावर मुलं उभी राहून म्हणतात तसा हेल काढून म्हणाला, "थँक यू, टीचर."

त्याचं सगळं इंग्रजी एवढंच. पण ते तो पेन मागून घेताना म्हणायचा, कॉफी घेताना म्हणायचा, आणि काहीच घेतलं नसलं तरी म्हणायचा.

"मी नुसतं पाहिलं तरी थँक यू कशाला, पी मेक?" तिने एकदा विचारलं होतं. वयाने मोठा म्हणून ती त्याला 'पी' म्हणायची.

"फुकटचं घ्यायची सवय नाही मला."

मग सुट्टीच्या आदल्या दिवशी, रिकाम्या वर्गात खिडक्या लावता लावता तो म्हणाला, "ओई... तुझ्या आईला भेटायला केव्हा येऊ?"

ओईला आत्ता या म्हणावं, असंच वाटत होतं. पण पहिल्या हाकेला ओ दिली तर ती ओई कसली!

"आमची आई कच्च्या माणसाला मुलगी देत नाही," ती म्हणाली.

ज्याने एकदाही चीवर घेतलं नाही तो कच्चा, आणि घेऊन परत आला तो पिकला, असं जुनी माणसं मानतात. पोरं सुट्टी पाहून पंधरा दिवस विहारात राहून येतात, आणि डोक्यावर केस येईपर्यंत त्यांचं लग्न ठरतं. मेकच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"मग पिकून येतो. किती दिवस लागतील?"

"अढीतल्या आंब्याला लागतात तेवढे."

"आणि पिकल्यावर?"

"गोड निघालात तर बघू."

"थँक यू, टीचर."

खरं सांगायचं तर ओईच्या आईने असलं काही कधी म्हटलंच नव्हतं. पोरगा दारू पीत नाही ना, मग कच्चा काय नि पिकला काय, असं तिचं सरळ मत. ओईला फक्त त्याला एक उन्हाळा वाट पाहायला लावायची होती. आपल्यासाठी कुणी थांबलं की बरं वाटतं, दुसरं काय.

शाळा उघडली त्या सोमवारी झेंडा वर गेला तेव्हा ढोल एकीकडे आणि कर्णे भलतीकडे चालले होते. शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीच्या मुख्य बाई, सुपिनताई, डबा उघडता उघडता म्हणाल्या, "काय गं, तुझा आंबा अढीतच विसरलीस वाटतं?" सगळे हसले. ओईही हसली, आणि मग तोंड धुवायला गेली ती घंटा होईपर्यंत आली नाही.

मंगळवारी तिने दहावीला नेहमीचा निबंध घातला, सुट्टीत मी काय केलं. बँडमधल्या एका मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: सरांचे केस कापले, सर रडले, त्यांची आई रडली, मी आइस्क्रीम खाल्लं. ओईने चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. रडण्याला काही दुरुस्ती नव्हती.

बुधवारी मेकची आई रस्त्यात भेटली. मुलाच्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गाला जाते म्हणतात, आणि ह्या बाई तर अर्ध्या वाटेवर पोचल्यासारख्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, त्याने वाढवून घेतलेली शाळेची रजा उद्याच संपते, पण त्याचा परत यायचा विचार दिसत नाही. मग ओईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, तू समजूतदार आहेस, पोरी. ओईला समजूतदार व्हायचं नव्हतं. आड आलेली एखादी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. इथे भांडायचं कुणाशी?

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती विहारात गेली. एकटीने भिक्खूशी बोलत बसणं बरं दिसत नाही, म्हणून सुपिनताई बरोबर आल्या आणि खांबाला टेकून हातातला पंखा हलवत बहिऱ्या झाल्या.

तो समोर येऊन बसला. डोकं गुळगुळीत, आणि तिथल्या रीतीप्रमाणे भुवयाही काढलेल्या. ओई बघतच राहिली. त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते आता तिला वाचताच येईना.

तिने आंबे पुढे केले. चार दिवसांत ते पिवळेधमक झाले होते, वास सगळ्या मंडपात पसरला होता.

"दुपारनंतर आम्ही खात नाही, उपासिका," तो हळूच म्हणाला. "परत न्या तुम्ही."

उपासिका. तुम्ही. ओईने आंबे पुन्हा पिशवीत भरले.

"मी पिकून या म्हटलं होतं," ती म्हणाली. "झाडावरून गळून जा नव्हतं म्हटलं."

तो हसला. तेच हसू, फक्त भुवयांवाचूनचं.

"पंधराव्या दिवशी घरचे कपडे घालायला निघालो होतो. सदरा हातात होता. पण इथे पहिल्यांदाच मला कुणाकडून काही नको होतं... पुन्हा आत जाऊन बसलो."

"माझी आठवण नाही आली?"

"रोज येत होती. म्हणून तर ठरवायला महिना लागला."

ओईच्या ओठांवर ते आलं होतं. आईची अट नव्हतीच, मी गंमत केली होती, तुम्ही कच्चे असतानाच मला हवे होतात. ते ऐकून कदाचित तो उठला असता. कदाचित नसता. तिने श्वास घेतला, आणि तोच आधी बोलला.

"तुमच्या आईंना सांगा, त्यांचे फार उपकार आहेत. त्यांनी ती अट घातली नसती तर मी इथवर आलोच नसतो."

सुपिनताईंचा पंखा थांबला.

ओईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो सुखी होता. ढोल पायावर पडायच्या आधी, तिला मैदानातून येताना पाहून दिसला होता, तितका सुखी. हे तिला वाचता आलं, भुवया नसतानाही.

"सांगते," ती म्हणाली.

परतताना दोघींनी घाटावर बसून ते आंबे खाल्ले. गोड होते. ओई कोयीपर्यंत रडत होती आणि सुपिनताई तिला एकेक फोड कापून देत होत्या.

शुक्रवारी, नव्या सत्रासाठी म्हणून, भिक्खूंना शाळेच्या मैदानात भिक्षेला बोलावलं होतं. ओईने जांभळं वस्त्र नेसलं होतं. मुद्दामच. अनवाणी रांगेत ती भाताचं भांडं घेऊन बसली. तो आला, पात्राचं झाकण काढलं. तिने बोट कशालाही लागू न देता गरम भात पात्रात सोडला. त्याची नजर पात्रातच होती.

भिक्खू घेतल्याबद्दल आभार मानत नाहीत. हात जोडायचे ते देणाऱ्याने. ओईने हात जोडले, डोकं टेकवलं, आणि ते वाकडं नख पुढे निघून जाईपर्यंत वर पाहिलं नाही.

मग घंटा झाली. पायांची माती झटकून ती दहावीत गेली. धडा वाचला, फळा भरला, पुसला. तास संपला तशी चाळीस मुलं बाकांवरून उठून उभी राहिली आणि रोजच्यासारखा लांबलचक हेल काढून म्हणाली,

"थँक यू, टीचर."

"बसा," ओई फळ्याकडे तोंड करून म्हणाली. "सगळे बसा जरा."