साठ पावलांवर

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, सहा नंबरच्या बसमध्ये, माझ्या समोर बसलेल्या माणसाची पिशवी ओरडली.

रेगेन्सबर्गच्या बसमध्ये कुणी ओरडत नाही. माणसंही नाहीत, मग पिशव्यांची काय कथा. बाहेर डोनाऊ नदीवरचं धुकं खिडक्यांना ओल्या फडक्यासारखं चिकटलं होतं, आत सगळे आपापल्या मरगळीत शिस्तीनं बसले होते, आणि बस जरा हिसकली की त्या कापडी पिशवीतून ‘क्यँक’ असा आवाज येत होता. शेजारच्या आजीबाईंनी प्राण्यांचं वेगळं तिकीट लागतं, असं त्याला न सांगता थेट पिशवीला सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला.

मी फोनवर आईशी बोलत होते. आई नाशिकला, मी इथे, आणि आमच्या दोघींच्या मध्ये माझं अडतिसावं वर्ष. तिनं विचारलं, कसला आवाज गं तो? इथे मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी म्हटलं, “समोरचा माणूस पिशवीतून कोंबडी घेऊन चाललाय. दिसायला बरा आहे. पण कोंबडीसकट कोण पत्करणार?”

त्यानं मान वर केली. डोळे तपकिरी, भिजलेल्या पानांच्या रंगाचे... आणि त्यांना सगळं कळलेलं होतं.

तो माझ्याच स्टॉपवर उतरला. भुरभुर चालली होती. त्यानं छत्री उघडून थोडी माझ्याकडे सरकवली – पूर्ण नाही, मध्ये शिष्टाचाराचं अंतर ठेवून, म्हणजे छत्रीचं पाणी नेमकं माझ्या खांद्यावर गळेल इतपत – आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, “कोंबडी नाही. टर्की पक्ष्याची मादी. आणि ‘बरा’बद्दल आभारी आहे.”

यापुढे तो जे काही बोलेल ते जर्मनमध्ये बोलला, असं धरून चालावं. त्याचं नाव हृषिकेश. वडील साताऱ्याचे, आई इथली, ती चार वर्षांपूर्वी गेली. मराठी त्याला सगळं कळायचं. बोलायचा मात्र एक शब्द नाही.

पिशवीत अक्रोडाच्या लाकडाची, कंपासपेटीएवढी एक पेटी होती. वर सैल झाकण. त्याला खडू लावून ते कडेवर घासलं की टर्कीची मादी बोलते. एरवी रबरबँड लावून ठेवायचा असतो, नाहीतर धक्का लागला की ती मनाला येईल तशी बोलत सुटते.

“रबरबँड तुटला,” तो अपराध्यासारखा म्हणाला.

“मग बोलू द्या की. त्या बसमध्ये दुसरं कोण बोलतं?”

तो हसला. हसण्याचा आवाज आला नाही. नंतर कळलं, त्याचा धंदाच तो. गाडीचं दार लावताना होणारा आवाज कमी करायचा, यासाठी त्याला नोकरीवर ठेवलं होतं.

मग तो जरा घुटमळला. छत्री या हातातून त्या हातात... आणि त्यानं विचारलं, रविवारी मला वेळ आहे का. मी लगेच ‘जा’ म्हटलं, म्हणजे जर्मनमधलं हो. गेल्या कित्येक वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी रविवारी भेटायला बोलावलं होतं, आणि भेटायची जागा निघाली त्याच्या वडिलांचं फ्लेगेहाइम, म्हणजे म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह.

दीनानाथकाका खिडकीशी खुर्चीत बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मफलर, नजर पार्किंगमधल्या एका झाडावर. त्यांच्या भाषा एकेक करून गळून चालल्या होत्या – जशा शिकले त्याच्या उलट क्रमानं. आधी जर्मन गेलं, ज्यात त्यांनी चाळीस वर्षं संसार केला. मग इंग्रजी. उरली होती फक्त मराठी. आणि आपला मुलगा जर्मन बोलतो म्हणजे तो इथला कुणीतरी सेवक असणार, असा त्यांचा समज झाला होता. त्याच्याशी ते फार अदबीनं वागत. तो आला की उठून उभं राहायचा प्रयत्न करत. ते बघवत नसे.

मला त्यांनी विचारलं, “आपण कुठल्या?”

“नाशिकची.”

“नाशिकला टर्की नाहीत,” ते खेदानं म्हणाले.

हा संवाद पुढे दर रविवारी झाला. खेद एकदाही कमी झाला नाही.

हळूहळू हकिगत कळली. हृषिकेश सहा वर्षांचा असताना कंपनीनं काकांना तीन वर्षं पेनसिल्व्हेनियात पाठवलं होतं. तिथे शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना टर्कीच्या शिकारीचा नाद लावला. साताऱ्याचा शाकाहारी माणूस मे महिन्यात पहाटे उठून, तोंडाला जाळी बांधून, रानात झाडाला टेकून बसायचा. बंदूक बरोबर असायची. तीही झाडाला टेकून बसायची. तीन वर्षांत एकदाही उडाली नाही. त्यांना टर्की मारायचा नव्हता. बोलवायचा होता.

“आवाज काढायला पाटी चांगली,” काका मला समजावत. “पाटीवर काडी घासायची. पण पाऊस लागला की मुकी होते. दुसरी ती रबराची चकती, तोंडात धरायची. हात मोकळे राहतात, पण बायकोनं काही विचारलं तर उत्तर देता येत नाही. तसा तोही फायदाच. खरी म्हणजे पेटी. पेटी खोटं बोलत नाही.”

आणि मांडीवरच्या पेटीचं झाकण ते हलकेच फिरवत. मादीचा तो खरखरीत, आर्जवी आवाज कॉरिडॉरभर जाई. पहिल्या रविवारी एक परिचारिका धावत आली. तिसऱ्या रविवारी कुणीच आलं नाही.

आमचं काम असं चाले – हृषिकेश जर्मनमध्ये बोले, मी ते मराठीत काकांना सांगे, काकांचं उत्तर त्याला कळतच असे. जेवलात का. गुडघा दुखतो का. ती पहाट आठवते का, तीन मोठे नर एकदम उतरले ती? तो माझ्याकडे बघून बोलायचा, अगदी हळू... आणि मी ते शब्द उचलून पलीकडे ठेवायची. महिन्याभरात मी एका पुरुषाच्या वतीनं दुसऱ्याला ‘बाबा’ म्हणायला लागले होते. नंतर मशीनची पाणचट कॉफी घेऊन आम्ही नदीकाठी चालायचो. दोघांचे हात कोटाच्या खिशांत. एकदा माझा हात चुकून त्याच्या खिशात गेला. त्यानं तो परत केला नाही.

“तुम्ही मराठी का बोलत नाही?” मी त्याच दिवशी विचारलं.

त्यानं बुटाच्या टोकानं एक ओलं पान उलटं केलं. मग त्यानं सांगितलं. वडील त्याच्याशी मराठी बोलायचे ते फक्त रानात, आणि रानात कुजबुजावं लागतं. त्याचं सगळं मराठी कुजबुजीत शिकलेलं. नऊ वर्षांचा असताना एका लग्नाला पुण्याला नेलं, तिथे भर पंगतीत आत्यानं काय हवं विचारलं, आणि त्यानं वाकून तिच्या कानात, जीव मुठीत धरून, जिलबी मागितली. मोठ्यानं बोलायची भाषा आहे ही, हे त्याला माहीतच नव्हतं. अख्खी पंगत हसली. चोरासारखं काय बोलतोस रे, आत्या म्हणाली. त्यानंतर तो मराठीत बोलला नाही. वडिलांशीसुद्धा नाही.

“बत्तीस वर्षं?”

“गेनाऊ.” म्हणजे बरोब्बर.

“एका जिलबीवरून?”

“जिलबी मिळालीच नाही,” तो म्हणाला.

डिसेंबरात माझ्या कंपनीनं आमचा विभाग हॅनोव्हरला हलवायचं ठरवलं. जायचं तर फेब्रुवारीपासून, नाही तर राजीनामा. मी हृषिकेशला सांगितलं तेव्हा आम्ही दगडी पुलाच्या मध्यावर उभे होतो, आणि खाली नदी कुठे आहे ते धुक्यात दिसत नव्हतं. मी वाट पाहत होते. एका शब्दाची. कुठल्याही भाषेतल्या.

“हॅनोव्हर चांगलं शहर आहे,” तो म्हणाला. “मोठी प्रदर्शनं भरतात.”

“अजून काही?”

त्यानं विचार केला. ओठ हलले... “थेट गाडी नाही. न्यूर्नबर्गला बदलावी लागते.”

त्या रविवारी तो कॉफी आणायला गेला असताना काका मला अचानक म्हणाले, “एक नर साठ पावलांवर अडून बसला होता.”

मी खुर्ची ओढली.

“असं आहे बघा, निसर्गात नर ओरडतो, आणि मादी उठून त्याच्याकडे जाते. आपण काय करतो, मादीचा आवाज काढून त्यालाच बोलावतो. म्हणजे उलटं. तो येतो, येतो, आणि साठ पावलांवर थांबतो. म्हणतो, एवढा आलो, आता तू ये. पिसारा फुलवून तासभर उभा. पोराच्या पायाला मुंग्या आल्या, पण हलला नाही हो. गुणी पोर.”

“मग तुम्ही काय केलंत काका? आणखी हाका मारल्या?”

“छे. सारखं बोलावलं की त्याला संशय येतो. उठायचं आणि मागं जायचं. रांगत, उलट्या दिशेनं. त्याला वाटलं पाहिजे, ही चालली. आणि जाताना एकदा आवाज द्यायचा. एकदाच.”

“आणि तरी नाही आला तर?”

“तर घरी जाऊन पोहे खायचे.”

सोमवारी मी हॅनोव्हरच्या कागदांवर सही केली. वर्षानुवर्षं मी आईचा, मैत्रिणींचा, दोन समुपदेशकांचा सल्ला धुडकावला होता. ऐकला तो टर्कीच्या शिकाऱ्याचा, तोही ज्यानं कधी शिकार केली नाही अशाचा.

जानेवारीत काकांच्या छातीत कफ साठला. डॉक्टर आमच्याशी खालच्या आवाजात बोलायला लागले, तेव्हा काय ते समजलं. एका दुपारी आम्ही दोघं खाटेशी होतो. खिडकीबाहेर ना बर्फ ना पाऊस, दोन्हींच्या मधलं काहीतरी पडत होतं. काकांची बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपत होती. मी पेटी त्यांच्या हाताखाली सरकवली, पण झाकण फिरवायची ताकद नव्हती. त्यांचे डोळे छताकडे, फार लांब, घाबरलेले.

मी हृषिकेशकडे पाहिलं. तो काही बोलेल, मी ते मराठीत सांगेन... पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो वाकला. अगदी कानाशी. आणि श्वासापेक्षा थोड्याच मोठ्या आवाजात म्हणाला –

“हलू नका, बाबा. येतोय तो.”

मराठीत. मला मध्ये काही करायचं उरलं नाही.

काकांची बोटं थांबली. “किती लांब?” त्यांनी तसंच कुजबुजत विचारलं.

“साठ पावलं.”

“मोठा आहे?”

“खूप मोठा. पिसारा फुलवलाय.”

काकांनी हळूच मान वळवली. सेवकाकडे बघतात तसं नाही. रानात शेजारी बसलेल्या पोराकडे बघतात तसं. “पायाला मुंग्या आल्या का रे?”

“आल्या,” हृषिकेश म्हणाला, आणि त्याच्या नाकावरून पाणी टपटप पांघरुणावर पडलं. “पण मी हलत नाहीये.”

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन आगीच्या वेळी पाळायच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. दोनदा.

तीन दिवसांनी काका गेले.

फेब्रुवारीच्या एक तारखेला हृषिकेश मला स्टेशनवर सोडायला आला. त्या कुजबुजीनंतर त्यानं पुन्हा मराठीचा म उच्चारला नव्हता. फलाटावर धुकं, दोन बॅगा, आणि आमच्यात तेच शिष्टाचाराचं अंतर. त्यानं खिशातून पेटी काढून माझ्या हातात ठेवली. नवा लाल रबरबँड, दोनदा गुंडाळलेला.

“बाबांना आवडलं असतं,” तो म्हणाला. आणि हस्तांदोलन केलं. खरंच, हस्तांदोलन. मी गाडीत चढले.

माझी जागा शांतता पाळायच्या डब्यात होती. फोन नाही, गप्पा नाहीत. दारं बंद झाली. ती मात्र चांगलीच आवाज करत. खिडकीतून पाहिलं तर फलाटावर कुणी नव्हतं. निघूनही गेला. हातातली पेटी गार पडली होती. पुढे पोहे, मी स्वतःला सांगितलं. हॅनोव्हरला जाडे पोहे मिळत असतील का, हाही एक प्रश्न होता.

गाडी हलली. स्टेशन मागं जायला लागलं... आणि मी रबरबँड काढला. झाकण कडेवर टेकवलं. एकदा. एकदाच.

‘क्यँक.’

सगळा डबा माझ्याकडे वळला. एका बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी पेटी मांडीवर ठेवली आणि जगात माझ्याइतकं शांत कुणी नाही अशा चेहऱ्यानं बसले.

आणि मग मागून, डब्याच्या पार टोकाकडून, आला – गळ्यातून उकळ्या फुटाव्यात तसा, बेसूर, दणदणीत, अख्खं रान उठवणारा नर टर्कीचा आवाज.

मी वळून पाहिलं. मोटारीच्या दाराचासुद्धा आवाज सहन न होणारा एक एकेचाळीस वर्षांचा इंजिनियर शेवटच्या ओळीत उभा होता. कानापर्यंत लाल. चढला होता, पण नेमका साठ पावलांवर अडला होता.

निसर्गाचा नियम काकांनी सांगितलाच होता. मी उठले. चष्मेवाल्या बाई म्हणत होत्या की हा शांततेचा डबा आहे, आणि त्यांचं बरोबरच होतं. अंतर चालत गेले. मोजलं. एकोणीस पावलं.

तो वाकला. कानाशी. त्याच्या श्वासाला मशीनच्या कॉफीचा वास होता.

“किती लांब?” त्यानं मराठीत विचारलं.

“हॅनोव्हर,” मीही कुजबुजले. “न्यूर्नबर्गला बदलावी लागते.”

“माहीत आहे.” मग थोडा वेळ तो शब्द शोधत राहिला. बत्तीस वर्षं बंद असलेल्या खोलीत अंधारात दिवा शोधावा, तसा. “मी... येतोय.”

त्याच्याकडे सामान नव्हतं, टूथब्रशसुद्धा नव्हता. सोमवारी त्याला परत यायचं होतं. परतीचं तिकीट त्यानं काढलं होतं, पण बदलता येणारं. जर्मन माणसाकडून याहून मोठी कबुली मिळत नसते.

आम्ही शेजारी बसलो. बाहेर धुकं होतंच, ते कुठेही जाणार नव्हतं. लाल रबरबँड मी मनगटात अडकवला. पेटीला परत लावला नाही.