त्याच पिंपातल्या अळ्या

सूड उगवायचा, एवढ्याचसाठी अळीताई जंगलात शिरली होती. डासांच्या अळ्या पाळायच्या आणि त्यांच्यावर औषधं तपासायची, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. त्यावरून हे नाव पडलेलं. गेल्या वर्षी डासांच्या तापानं तिची सहा वर्षांची लेक नेली. आणि ते डास निपजले होते कुठे? तिच्याच मोरीमागच्या पिंपात! ते पिंप तिनं फेकलं नाही. त्यातल्या अळ्यांचा वंश तिनं मुद्दाम पाळला, पण बाजारातल्या कुठल्याच औषधाला मेल्या दाद देईनात. मग तिचा लाकूडतोड्या दादा म्हणाला, कड्याखाली एक झाड आहे, त्याच्या सालीनं पाण्यातले किडे मरतात. साल तिथंच तपासायची म्हणून अळ्यांची बरणी गळ्यात बांधून ताई त्याच्याबरोबर निघाली.

दोन दिवस काटेरी जाळ्यांनी दोघांना सोलून काढलं. तिसऱ्या दिवशी कडा उतरताना दगड निसटला. दोर सरकला! ताई एका हातानं लटकली, दुसऱ्यानं गळ्यातली बरणी सावरत!

"बरणी सोड, दोन्ही हातांनी धर!" दादा वरून ओरडला.

"मेले तरी सोडणार नाही!"

दात-ओठ खात ती खाली पोचली. डोहावर वाकलेलं ते झाड एकटंच होतं. तिनं कोयता काढला आणि साल सपासप उतरवायला लागली.

"चहूबाजूंनी सोलू नकोस, वाळेल ते," मागून उतरलेला दादा म्हणाला. "असं दुसरं झाड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"वाळू दे. माझी पोर परत येणार आहे का?"

"आणि दुसऱ्यांच्या पोरी?" त्यानं तिचं मनगट धरलं.

तिनं हिसडा दिला आणि बरणी कलंडली. अळ्यांना हवा मिळावी म्हणून झाकण सैल ठेवायची तिची कामातली सवय. जवळजवळ सगळ्या अळ्या डोहात! आपल्याच हातांनी तो वंश जंगलात सोडला, या विचारानं ती हादरली आणि ओंजळीनं त्यांना वेचू लागली.

गळलेल्या पानांनी डोहाचं पाणी काळपट झालं होतं. बघता बघता अळ्या मंदावल्या. तासाभरात ओंजळीत एकही हलेना. बरणीच्या तळाशी, घरून आणलेल्या पाण्यात दोन उरल्या होत्या. त्या मात्र मजेत वळवळत होत्या.

"दादा, साल नकोच," ती हळूच म्हणाली. "पानं पुरतात. गळलेली."

तिनं कोयता त्याच्या हाती दिला. झाडाच्या जखमेवरून एकदा हात फिरवला आणि पोतं भरून पानं गोळा केली.

"या दोघींना कशाला ठेवलंस? टाक डोहात," दादा म्हणाला.

ताईनं बरणी पुन्हा गळ्यात बांधली. झाकण सैलच ठेवलं.

"इथं नाही. यांना त्यांच्या पिंपापर्यंत जिवंत न्यायचंय. पहिली पानं तिथंच टाकायची."