कानामागची पट्टी

न्यायालयात मोबाइल नेता येत नाही, हा नियम जुनाच. पण त्या दिवशी फाटकावरच्या शिपायाने त्याच नियमाखाली अंबादास सोनवलकरांच्या कानामागची आठवणपट्टीही काढून घेतली आणि हातात टोकन दिलं. झालं! म्हातारबुवा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि आधाराला आलेल्या बायकोलाच म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

न्यायमूर्ती मंदाकिनी शेटे ताडकन उठल्या. "अहो, आणा ती पट्टी आधी!" त्या दालनातल्या शिपायावर ओरडल्याच.

पुसट झालेल्या आठवणी मेंदूला पुरवणारी ती नखाएवढी पट्टी जागेवर बसली. अंबादासांनी डोळे मिचकावले. "सरू, चष्मा घरीच विसरलीस होय गं?" सरूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रंगाच्या गोदामाला आग लागली तेव्हा अंबादास तिथले मुकादम होते. आत अडकून एक तरुण कामगार गेला. दाराला कुलूप कोणी लावलं, याची आठवण पट्टीत होती. पोलिसांना ती वाचायची होती, पण वाचली की पट्टी कायमची कोरी होणार होती.

आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू नये, असं राज्यघटना सांगते. मग पट्टी म्हणजे आरोपी, की त्याच्या खिशातला कागद? असले पेच हल्ली कायद्याचा अर्थ लावणारं अर्थयंत्र सोडवी. घटनाकारांची भाषणं त्याला तोंडपाठ. न्यायाधीश खाली सही करून मोकळे होत, आणि खटले भराभर निघतात म्हणून सगळे खूश.

"पट्टी ही वस्तू आहे, जप्त करता येईल," यंत्र म्हणालं. "शरीराबाहेरची आठवण घटनाकारांच्या मनात नव्हती."

शेटेबाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "आपण सगळं सांगून संपवलं, असं त्यांना वाटत होतं का?"

हे यंत्राला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ते म्हणालं, "नाही. घटनादुरुस्तीची वाट त्यांनीच ठेवली."

"मग उरलेला विचार आपणच करायचा की!" त्यांनी निकाल सांगितला. जी काढली की माणूस आपल्या माणसाला ओळखत नाही, ती वस्तू नव्हे; तो माणूसच. पट्टीला कोणी हात लावायचा नाही.

मागच्या बाकावर मेलेल्या पोराची आई बसली होती. तिने मान खाली घातली. शेटेबाईंना तिच्याकडे बघवेना.

"बाईसाहेब," अंबादास म्हणाले, "आता सक्ती नाही ना?"

"नाही. काही बोलण्याआधी वकिलांना विचारा."

"त्यांना काय विचारू? कुलूप मीच लावलं. माल चोरीला जायचा म्हणून. आत पोरगं झोपलंय, हे बघितलंच नाही मी." सरूबाईंनी त्यांचा हात सोडला नाही.

पोराची आई उठली, हळूहळू पिंजऱ्यापाशी आली आणि कठडा धरून रडू लागली.

अर्थयंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'नवा अर्थ नोंदवायचा आहे. अर्थ लावणाऱ्याचं नाव?'

शेटेबाईंनी कठड्यापाशी उभ्या त्या तिघांकडे पाहिलं. हा अर्थ त्यांच्यामुळेच उमगला; मग यात एकट्या आपलं नाव कसं लिहायचं?